जबड्याबद्दल तू काही बोलला नव्हतास

मिल्या,

चार दिवस तुझा फोटो स्क्रीनवर उघडा ठेवून मी नुसता बसून होतो. माऊसला हात लावला नाही. गिऱ्हाईक आलं की तुला बारीक करून खाली ठेवायचं, त्याचे पासपोर्ट फोटो कापून द्यायचे, तो गेला की पुन्हा तू. मागे चवदार तळ्याचं रेलिंग, अंगात तोच पांढरा शर्ट आणि चेहऱ्यावर ‘आटप लवकर’ म्हणणारा तो मास्तरी भाव.

शोभावहिनींचा फोन आला होता. “भावोजी, रविवारी पुण्यानुमोदन हाय. विहारात ठेवायला ह्यांचा फोटो मोठा करून आणा. आणि जरा आधीसारखा करा हां. दुखण्याच्या आधी कसे व्हते, तसा.”

मी “हो वहिनी” म्हणालो. ‘हो’ म्हणायला मला कधीच वेळ लागत नाही. तुझ्या शाळेचं स्नेहसंमेलन आणि बिरवाडीतलं लग्न एकाच दिवशी घेणारा माणूस मी, तुला काय सांगायचं.

आधीसारखा करणं हे दहा मिनिटांचं काम. जबडा दोन्हीकडून आत घ्यायचा, भुवईवरचं हाड बसवायचं, नाक जरा बारीक करायचं, दातांमधली फट बुजवायची. त्याला मला डोळेसुद्धा लागत नाहीत, मनगटाला पाठ आहे. अडचण तीच आहे. मनगटाला ते पाठ कसं झालं हे मी तुला कधी सांगितलं नाही. चार वर्षं सांगायचं राहिलं. आता वहिनींना तरी सांगायचं, की गुपचूप ते दहा मिनिटांचं काम उरकून टाकायचं, एवढा एकच प्रश्न घेऊन मी चार दिवस बसलो होतो.

पण आधी तुला त्या दिवसाची फजिती सांगतो, कारण ती सांगायला दुसरं कुणी नाही.

तुला स्मशानात पोचवायला आलो तेव्हा पोलादपूरच्या नाक्यावर पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांनी भरलेली एक जीप उभी होती. मी आत घुसलो, एका म्हाताऱ्याशेजारी बसलो आणि जो रडायला लागलो तो काही थांबेना. म्हातारा भला माणूस. “असू दे, असू दे,” म्हणत पाठीवरून हात फिरवत होता. जीप नदीकडे वळायच्या ऐवजी घाटाला लागली तेव्हा मी नाक पुसत विचारलं, “इकडून कुठे?”

“सुपारी फोडायला. नातीची,” म्हातारा म्हणाला. त्याला वाटलं होतं, मी मुलीकडचाच कुणीतरी हळवा मामा आहे.

आंबेनळीच्या पहिल्या वळणावर त्यांनी मला उतरवलं. तिथून उतारावरनं पळत आलो. पोचलो तेव्हा सगळे हात जोडून गाथा म्हणत होते आणि मी घामानं निथळत मागे उभा. खरं सांगू? तिथे उभा राहून तुझ्याकडे बघत असताना माझ्या मनात पहिलं काय आलं असेल, तर हे शनिवारी मिल्याला सांगायचं.

शनिवारची सकाळची शाळा सुटली की तू एसटीनं महाडला यायचास. स्टँडसमोर माझं दुकान, दुकानात गिऱ्हाईकाला बसवायचं ते गोल फिरणारं स्टूल, आणि त्यावर तू. अर्धा गिरका इकडे, अर्धा तिकडे. आठवडाभराच्या फजित्या मी तुझ्यासाठी साठवून ठेवायचो. नवरदेव समजून त्याच्या मेव्हण्याचेच दीडशे फोटो काढले ती, रायगडावर सहलीचा ग्रुप फोटो काढताना मागे मागे सरकत हिरकणीवाडीच्या एका बाईच्या ताकाच्या हंड्यात पाय घातला ती. घरी सांगायला कुणी नाही. आई गेल्यापासून घर म्हणजे मला कुलूप उघडायची जागा. तू सगळं गंभीरपणे ऐकायचास आणि शेवटी म्हणायचास, “दहापैकी सात.” इतक्या वर्षांत तू मला दहा कधी दिले नाहीस.

गेल्या शनिवारी एक वाजता मी ते स्टूल पुसून ठेवलं. आता फजिती होते आणि नुसतीच होते.

आपलं भांडण सुरू झालं ते तळ्यावर. मी नुकता स्टुडिओ टाकला होता आणि वीस मार्चला, सत्याग्रहाच्या दिवशी, तळ्याच्या कडेला टेबल, लॅपटॉप, छोटा प्रिंटर मांडून बसलो होतो. कुठून कुठून आलेली माणसं, प्रत्येकाला तळ्यासोबतचा फोटो लगेच हातात हवा. मी सगळ्यांचं एकाच पद्धतीनं करायचो. दोन टिचक्या मारल्या की चेहरा उजळ. तू कॉलेजातला मित्र, म्हणून तुला तीन टिचक्या मारल्या. तू प्रिंट हातात घेतलीस, उलटी केलीस, पुन्हा सुलटी केलीस.

“हा कोण?”

“तूच की.”

“मी एवढा गोरा कधी झालो?”

“लग्नाचं वय उलटून चाललंय तुझं. असू दे.”

“नंद्या, मी माझ्या बापाच्या रंगाचा आहे. या तळ्यावर आणून मला गोरा करतोस? रंगाला हात लावायचा नाही. पुन्हा काढ.”

मागे रांग होती. रांगेतल्या दोघी बायका लगेच म्हणाल्या, “आमचापण असाच छापा हो, जसा हाय तसा.” त्या दिवशी मी काही शिकलो असं म्हणणार नाही, घाबरलो म्हणतो. पण त्यानंतर तुझ्या रंगाला मी कधीही हात लावला नाही. या तत्त्वाचा मला इतका अभिमान होता की मी ते दुसऱ्या फोटोग्राफरांना ऐकवायचो.

जबड्याबद्दल तू काही बोलला नव्हतास.

तू म्हणायचास, फोटो म्हणजे साक्ष. मी म्हणायचो, फोटो म्हणजे सेवा. माणूस पैसे देतो ते स्वतःला बरं बघायला. हा वाद आपण स्टुलावर, एसटी स्टँडवर, तुझ्या लग्नाच्या मांडवातसुद्धा घातला, आणि संपवला कधीच नाही. आणि दर वीस मार्चला तू यायचास. तोच पांढरा शर्ट, तीच जागा, रेलिंगचा तिसरा खांब.

पाच-सहा वर्षांनी कधीतरी मला तू जरा रुंद वाटलास. म्हटलं, लेन्सला काय झालंय का? मागच्या वर्षीचा फोटो शेजारी ठेवला आणि हनुवटी थोडीशी आत ढकलली. मित्रकर्तव्य. पुढच्या वर्षी आणखी थोडी. त्याच्या पुढच्या वर्षी दातांत फट दिसली, ती भरली. नवा फोटो मी दरवर्षी मागच्या वर्षीच्या, म्हणजे मीच आवळलेल्या फोटोशी जुळवायचो. त्यामुळे माझ्या लेखी तू कधी बदललाच नाहीस. तुझं दुखणं मी दरवर्षी माऊसनं आत ढकलत होतो आणि वर लोकांना सांगत होतो, गड्याचं वय दिसत नाही.

आणि दिसत काय नव्हतं रे? आठ नंबरची चप्पल दहा नंबरची झाली, तर मी म्हणालो, पगारवाढ पायात उतरली. खडू धरताना बोटांना मुंग्या यायला लागल्या, तर म्हणालो, नापास केलेल्यांचे शाप आहेत. आवाज खोल गेला, तर म्हणालो, रेडिओवर जा. डिसेंबरात तुझा शर्ट घामानं भिजायचा. डोकं दुखायचं. मग साखर निघाली, रक्तदाब निघाला. मानेला पट्टा, बोटांना तेल, साखरेला गोळी, दाबाला गोळी. या सगळ्यांचा मालक एकच असेल हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. दरवर्षी दहावीच्या फळ्यावर मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीची आकृती काढून ‘वाढीचं संप्रेरक इथून स्रवतं’ असं शिकवणाऱ्या तुझ्याही नाही. हा टोमणा मी तुला पुढे पुष्कळ मारला. मारताना माझी जीभ जरा अडखळायची.

महाडात ती नवी डॉक्टरीण आली तेव्हा तू साखरेची गोळी बदलून घ्यायला गेलास. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मीही आलो. तिनं नाडी बघायला तुझा हात धरला आणि सोडलाच नाही. पंजा उलटा केला, सुलटा केला.

“अंगठी घालत होतात?”

“होतो. कापून काढावी लागली. बोट सुजलं.”

“चपलेचा नंबर वाढलाय का?”

तू वाढलेला नंबर अभिमानानं सांगितलास. ती क्षणभर तुझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “सर, तुमचे जुने फोटो मिळतील? दहा वर्षांपूर्वीपासूनचे, चेहरा नीट दिसेल असे.”

तू माझ्याकडे बोट दाखवलंस. “हा काय, साक्षीदार इथेच बसलाय.”

मी दुकानात आलो, दहा वर्षांचे दहा फोटो, फिनिशिंग केलेले, चकचकीत कागदावर नव्यानं छापले आणि छोट्या अल्बमात ओळीनं लावले. छापताना मनात काही आलं का? मिल्या, आलं नाही. आलं असतं आणि तरी छापले असते, तर निदान ती लबाडी झाली असती आणि लबाडी म्हणून कबूल करता आली असती. हे मी ढकललेले आहेत हे मला आठवलंच नाही. तुझा चेहरा असाच आहे असं मला वाटत होतं, समोर दर शनिवारी दुसरा बसलेला असताना.

तिनं अल्बम दोनदा चाळला. “फारसा फरक दिसत नाही,” ती म्हणाली, पण तिचं समाधान झालं नव्हतं. “तरी एक रक्ताची तपासणी करून घेऊ. नमुना मुंबईला पाठवावा लागेल. पिट्युटरी ग्रंथीत कधी कधी बारीकशी गाठ असते, तिच्यामुळे...”

आणि तू म्हणालास, “मॅडम, माणूस खोटं बोलेल, फोटो बोलत नाही.”

बाहेर आल्यावर माझ्या पाठीत थाप घातलीस. “तुझ्या फोटोंनी वाचवलं बघ. बाई उगाच डोक्यात गाठ घालत होती.” आणि त्या थापेवर मी तुझ्याकडून मिसळ खाल्ली. वर जादा पाव मागून घेतला.

ती तपासणी राहूनच गेली. चौदा महिने गेले.

मग पाणी आलं. महाडात पाणी येणं नवं नाही, पण त्या खेपेला दुकानात ते माझ्या डोक्यावरून गेलं. कॉम्प्युटर, प्रिंटर, मागचे पडदे, भाड्यानं द्यायचे फेटे, सगळ्याचा एकच चिखल. तू फावडं घेऊन आलास. चार दिवस माझ्या दुकानातला गाळ उपसलास आणि मधे मधे डोकं धरून पायरीवर बसत होतास. माळ्यावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा तेवढा कोरडा राहिला होता. त्यात मूळ फोटोंच्या सीडी होत्या. कॅमेऱ्यातून उतरवल्या तशा, हात न लावलेल्या.

तू घरी गेल्यावर, त्या चालतात का बघायला मी एकाचा लॅपटॉप मागून आणला. ‘वीस मार्च’ लिहिलेल्या सीडी एकामागून एक घातल्या आणि सगळ्या वर्षांतल्या तुला एका ओळीत मांडलं. तोच शर्ट, तोच खांब. पहिल्या फोटोत माझा कॉलेजातला मित्र. शेवटच्या फोटोत तोच, पण त्याचं तोंड कुणीतरी आतून पुढे लोटलेलं. मी बाहेरून आत ढकलत होतो आणि आतून कुणीतरी बाहेर. इतकी वर्षं आमची ती रस्सीखेच चालली होती, तुझ्या चेहऱ्यावर, आणि तुला कुणी विचारलं नव्हतं.

स्कूटर काढून मी पोलादपूर गाठलं. वाटेत सगळं घोकत गेलो. मिल्या, चूक झाली, अल्बमातले फोटो मी आवळलेले होते. मिल्या, चूक झाली. तुझ्या ओटीवर लॅपटॉप उघडला. तू चष्मा लावून एक एक फोटो पाहिलास. वहिनी तांदूळ निवडत होत्या, त्या सूप तसंच टाकून मागे येऊन उभ्या राहिल्या.

“मग ते अल्बमातले?” तू विचारलंस.

आणि घोकलेलं सगळं पळालं. “त्यात काय एवढं,” मी म्हणालो, “लेन्सचा फरक पडतो. प्रिंट काढताना जबडा जरा आत जातो.”

पंधरा वर्षं भिंगांचा धडा शिकवणाऱ्या माणसाला मी हे सांगितलं. तू चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलंस.

“लेन्स,” तू म्हणालास. तेवढंच. मग लॅपटॉप मिटलास आणि उठलास. “चल, मॅडमकडे जाऊ.”

रक्त मुंबईला गेलं. तुझ्या वयाला असायला हवा त्याच्या कितीतरी वर आकडा आला. मग मुंबईच्या इस्पितळात ती साखरेची तपासणी. उपाशीपोटी ग्लुकोजचं पाणी प्यायचं आणि दर अर्ध्या तासाला रक्त द्यायचं. साखर पोटात गेली की वाढीचं संप्रेरक खाली बसायला हवं. तुझं बसायला तयार नव्हतं. “नववी ब सारखं,” तू म्हणालास. मग एमआरआय. सर्जननं पडद्यावर दाखवलं, वाटाण्याएवढी ती ग्रंथी आणि तिच्या एका कुशीत मसुराचा दाणा. शिरेतून औषध सोडल्यावर सगळी ग्रंथी उजळली होती, तो दाणा तेवढा काळसर राहिला होता.

“सहा मिलिमीटर. लहान आहे, कॅन्सर नाही,” सर्जन म्हणाले. “नाकातून दुर्बीण घालून काढू.”

“एवढ्याशानं एवढं?” मी विचारलं.

“आकारावर जाऊ नका. ते हळूहळू आणि वर्षानुवर्षं काम करतं.” मग कागद चाळत ते तुला म्हणाले, “थोडं आधी आला असतात तर सांध्यांना आणि हृदयाला त्रास कमी झाला असता.”

“असू दे, डॉक्टर,” तू म्हणालास. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो.

ऑपरेशननंतर वहिनी औषधं, कागदपत्रं यांत अडकलेल्या, म्हणून तुझ्याजवळ मी. मला दोनच कामं दिली होती. एक, तू पाणी किती पितोस आणि लघवी किती होते ते लिहायचं, कारण ग्रंथी दुखावली तर माणसाला नुसती पाण्यासारखी लघवी होत राहते. मी उत्साहात माझा चहाही तुझ्या रकान्यात लिहीत गेलो. सिस्टर कागद बघून ओरडली, “पेशंटला आठ कप चहा कुणी दिला?” दुसरं काम, तुला शिंकू, वाकू, नाक शिंकरू द्यायचं नाही. आणि घशात, ओठांवर खारट लागलं तर पळत येऊन सांगायचं, कारण ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. तिथे तुझ्या मांडीतली थोडी चरबी काढून बूच बसवलं होतं. मी म्हणालो, “मास्तर, मांडी नाकात गेलेला पोलादपूर तालुक्यातला तू पहिलाच.” हसू दाबताना तू असा लालबुंद झालास की सिस्टरनं मला तासभर व्हरांड्यात उभं केलं. शाळेतसुद्धा मला इतका वेळ कुणी उभं केलं नव्हतं.

चौथ्या दिवशी तू हळूच म्हणालास, “नंद्या, खारट लागतंय.”

मी बोंबलत पळालो. “सिस्टर! पाणी! मेंदूचं पाणी!” सिस्टर आली, मागून डॉक्टर, हातात टॉर्च. तुझी हनुवटी वर केली, खाली केली. नाक कोरडं. सिस्टर माझ्याकडे वळून म्हणाली, “काका, ते डोळ्यांतलं आहे.”

तू उजवी मूठ मिटून बसला होतास. कित्येक वर्षांत पहिल्यांदा पुरती मिटली होती. सूज उतरत होती, बोटं तळव्याला टेकली होती. तू ती उघडत होतास, पुन्हा मिटत होतास.

“खडू धरता येईल रे,” तू म्हणालास.

तेव्हा सांगायला हवं होतं. तू खाटेवर, मी स्टुलावर, एरवीच्या उलट. दार लोटलेलं. मी तोंड उघडलंसुद्धा. आणि म्हणालो, “चहा आणू का?”

पुढे तुझी बोटं उतरली, घोरणं गेलं, साखर ताळ्यावर आली, तू नवी अंगठी केलीस. हाडं मात्र परत गेली नाहीत. ती जात नाहीत, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. जबडा होता तिथेच राहिला. हृदयाची भिंत जाड झाली होती, तीही तशीच. आणि मग वीस मार्चला तू त्याच खांबाशेजारी उभा राहिलास, कॅमेऱ्यात बघितलंस आणि म्हणालास, “आहे तसा ठेव.”

पुढच्या वर्षी पुन्हा. चारही वर्षं. रंगाबद्दल तू एकदाच बोलला होतास आणि ते मला जन्मभर पुरलं. मग हे दरवर्षी का सांगत होतास? लेन्सवाल्याला आठवण म्हणून? की बोलायची वाट मोकळी करून देत होतास, दरवर्षी एकदा? की नुसतंच सवयीचं वाक्य? मी विचारलं नाही. तू सांगितलं नाहीस. शनिवारमागून शनिवार मी तुला जगातल्या सगळ्या फजित्या सांगितल्या, ही सोडून. कदाचित हिलाच तू दहापैकी दहा दिले असतेस.

आणि मग हृदयाच्या त्या जाड भिंतीनंच दगा दिला. मी परवा डॉक्टरीणबाईंकडे गेलो. विचारलं, “त्या चौदा महिन्यांत किती बिघडलं असेल?” ती म्हणाली, “काका, ते असं महिन्यांत मोजता येत नाही. दहा-बारा वर्षं चाललेलं होतं ते.” तिला वाटलं मला बरं वाटेल. मला ती मोजून देती तर बरं वाटलं असतं. कमी असो, जास्त असो, तेवढं उचलून घेऊन घरी गेलो असतो.

काल दुपारी पोलादपूरला गेलो. तुझा शेवटचा वीस मार्चचा फोटो, हात न लावलेला, छोट्या कागदावर छापून खिशात. वहिनी ओटीवर तुझी पुस्तकं काढून बसल्या होत्या, शाळेला द्यायची एकीकडे, ठेवायची एकीकडे.

“झाला फोटो, भावोजी?”

“नाही. वहिनी, आधी एक सांगायचंय.”

सांगितलं. तळ्यावरचं टेबल, हनुवटी, अल्बम, चौदा महिने, याच ओटीवर केलेलं लेन्सचं खोटं. सांगता सांगता दोनदा सवयीनं गंमत करायला गेलो. दोन्ही वेळा त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं आणि गंमत तिथेच मेली. मी थांबलो तेव्हा त्यांच्या हातात तुझं दहावीचं विज्ञान होतं. ते त्यांनी आधी शाळेच्या गठ्ठ्यावर ठेवलं, मग उचलून दुसऱ्या गठ्ठ्यावर ठेवलं.

“त्यांना सांगितलात कधी?”

“नाही.”

“बरं केलात.”

मी वर बघितलं.

“त्यांनी तुम्हाला लगेच माफ केलं असतं. चहा संपायच्या आत. माझं तसं नाय. मला टाईम लागंल.”

“हो.”

“किती लागंल ते आता सांगता नाय यायचं.”

“हो, वहिनी.”

“तवर येत जा. शनिवारचे. मी बोलंन नायतर नाय बोलायची. पण येत जा.”

मी खिशातला फोटो काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो खूप वेळ बघितला. मग अंगठा तुझ्या हनुवटीवर ठेवला आणि कागदावरून हळूच फिरवला, कडेकडेनं.

“ह्याला ढकलत व्हतात व्हय?”

“हो.”

“हाच मोठा करा,” त्या म्हणाल्या आणि पुस्तकांकडे वळल्या.

तो आज छापला. प्रिंटरमधून तू सावकाश बाहेर आलास, आधी केस, मग कपाळ, मग भुवया, आणि शेवटी, बऱ्याच वेळानं, जबडा. सगळा. तुझ्या रंगाचा, तुझ्या मापाचा. वाळायला म्हणून तो मी गोल स्टुलावर टेकवून ठेवलाय. पंख्याच्या वाऱ्यानं स्टूल जरा जरा फिरतं, अर्धा गिरका इकडे, अर्धा तिकडे.

तर मिल्या, माफी अजून मिळालेली नाही. या शनिवारी एक वाजता दुकान बंद करून मी पोलादपूरची एसटी धरणार आहे. चढण्याआधी कुठे जाते ते विचारून घेईन.

नंद्या